य = २^क्ष − ३ चा आलेख शेवटी −३ ला टेकतो की नाही?

प्रश्न
मुलीला घातांकी फलनं शिकवायला बसले आणि स्वतःच अडकले. एका एककाला एक सेंटीमीटर धरून आलेख काढला. डावीकडे वक्र उतरत उतरत −३ च्या आडव्या रेषेपाशी आला, आणि क्ष = −५ नंतर दोन्ही रेषा वेगळ्या दिसेचनात. पुस्तक म्हणतं, ही अनंतस्पर्शी रेषा, वक्र तिला कधीच टेकत नाही. खात्री करायला कॅल्क्युलेटरवर क्ष = −४० घातलं, तर उत्तर −३. पुढे दशांश चिन्हसुद्धा नाही! मुलगी म्हणाली, "बघ आई, टेकला." मी गप्प. आणि उजवीकडे वक्र इतका उभा चढतो, तिथेही एखादी उभी अनंतस्पर्शी असते का?

प्रतिसाद १
टेकला नाही, पडद्यावरची जागा संपली. ते −३ बाजूला ठेवून नुसतं २^(−४०) काढा. दशांश चिन्हानंतर १२ शून्यं येतात, मग ९. म्हणजे खरं उत्तर −२ आणि पुढे १२ नऊ, आणखीही आकडे. दहा आकड्यांच्या पडद्यावर ते मावणार कसं? पेन्सिलचंही तेच: क्ष = −५ ला अंतर १/३२ सेंटीमीटर, म्हणजे ०.३ मिलिमीटर. शिसंच ०.५ चं असेल तर फट दिसायची कुठून! एक पाऊल डावीकडे गेलं की उरलेलं अंतर निम्मं होतं. निम्म्याचं निम्मं करत शून्य होत नाही.

प्रतिसाद २
उजवीकडे उभी अनंतस्पर्शी नाही. तुमच्या मापाने क्ष = १० ला कागद दहा मीटरहून उंच लागेल, क्ष = २० ला साधारण साडेदहा किलोमीटर. पण २१ लाही किंमत आहेच, २२ लाही. वक्र कुठल्याच क्ष पाशी अडत नाही.
पुस्तकातलं ते "कधीच टेकत नाही" मला खटकतं. या फलनापुरतं खरं, पण ती व्याख्या नव्हे. अंतर शून्याकडे जायला हवं, एवढंच. य = क्ष × २^(−क्ष) काढून बघा: क्ष = ० ला आडवा अक्ष ओलांडतो, वर जातो, आणि मग उजवीकडे त्याच अक्षाकडे उतरत राहतो.

प्रश्नकर्ती
−३ वगळून केलं, १२ शून्यं मुलीनेच मोजली. मग तिने स्वतःच ५ − ३^(−क्ष) घेतलं. रेषा ५ ची आणि वक्र खालून येणार, हे न सांगता ओळखलं. क्ष = ४ ला पडद्यावर आलं ४.९८७६५४३२१. आता अनंतस्पर्शी राहिली बाजूला, हे आकडे असे ओळीने का आले म्हणून माझ्या मागे लागलीय.