‘पुंख’ म्हणजे पीस की खाच?

विचारणा : पारंपरिक पद्धतीने हाताने बाण घडविण्याविषयीच्या एका पुस्तिकेचे मी मराठीत भाषांतर करीत आहे. धनुष्याची दोरी बसावी म्हणून बाणाच्या मागच्या टोकाला जी फट कापतात, तिला ‘पुंख’ म्हणता येईल का? या शब्दाचा अर्थ ‘पिसे’ असा लावलेलाही मी वाचला आहे.

प्रतिसाद : ‘पंख’ या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे हा गोंधळ होत असावा, पण ‘पंख’ आला ‘पक्ष’वरून. कालिदासाच्या ‘रघुवंश’ या काव्याच्या दुसऱ्या सर्गात, सिंहाला मारण्यासाठी भात्यातून बाण काढू पाहणाऱ्या दिलीप राजाचा उजवा हात जागीच खिळतो, तेव्हा नखांची प्रभा ‘कंकपत्रा’वर, म्हणजे पिसांवर, पडते आणि बोटे मात्र ‘सायकपुंखा’ला, म्हणजे बाणाच्या पुंखाला, चिकटून राहतात. एकाच श्लोकात पिसे आणि पुंख यांना वेगळे शब्द आहेत. तेव्हा पुंख म्हणजे बाणाचे मागचे टोक, बूड. फटीला मी सरळ ‘खाच’ म्हणेन आणि ‘पुंखाला खाच पाडावी’ असे लिहीन. (भाता हा शब्दही गमतीचा आहे : बाणांचा आणि लोहाराचा, दोन्ही भाते मुळात ‘भस्त्रा’, म्हणजे चामड्याची पिशवी.)

विचारणा : आणि मधल्या भागाला ‘दांडी’ म्हटले तर चालेल ना?

प्रतिसाद : लाकूड तासून केली असेल तर ‘दांडी’ योग्यच आहे. बोरूची असेल तर मी ‘काडी’ म्हणेन, कारण तिथे तासण्यापेक्षा ऊब देऊन सरळ करण्याचेच काम अधिक असते. हा भेद शब्दापुरता नाही. लाकडात खाच वार्षिक वलयांना आडवी कापतात, नाहीतर दोरीच्या दाबाने दांडी उभी चिरते. बोरूत ती पेराच्या गाठीच्या जरा वर घेतात आणि खाली दोरा गुंडाळतात. शिवाय ‘शर’ हे मुळात एका उंच गवताचेही नाव आहे, त्यामुळे ‘लाकडी शर’ असे लिहिल्यास जाणत्या वाचकाला ते खटकेल. भिल्लांच्या तिरकामठ्याचेच पाहा : बाणाला बोरूची काडी आणि लोखंडी पाते, धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. अशा बाणाचे वर्णन करताना पुस्तिकेतले ‘लाकडी’ हे विशेषण गाळावे लागेल.