नुसत्या अंतराला वेगाने भागू नका

आईबाबांना नागपूरहून अमेरिकेला पाठवणाऱ्या एका ताईंनी विमानाला किती वेळ लागतो असं विचारलंय. त्यावर वर एकांनी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर, भागिले ताशी ९०० किलोमीटर वेग, म्हणजे पावणेचौदा तास असं गणित मांडलंय. यात वारा धरलेलाच नाही. १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात. म्हणूनच २०१६ साली एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेच्या दिशेने, न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी पाठीमागून वारा मिळाल्याने वेळ वाचला! त्याच वाटेने येताना तोच वारा आडवा येतो.

तिकिटावरच्या वेळाही स्थानिक असतात. सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. ते धरूनच उड्डाणाचा वेळ काढा.

आता प्रश्नकर्त्या ताईंसाठी. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून अमेरिकेला थेट विमान नाही, दिल्ली-मुंबईसारख्या ठिकाणी विमान बदलावंच लागतं. आईबाबा पहिल्यांदाच निघालेत, तेव्हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, मध्ये चार-पाच तास तरी ठेवाच. परतताना दिल्लीत सामान घेऊन, कस्टम्स करून, नागपूरसाठी पुन्हा द्यावं लागतं, हे त्यांना आधीच नीट सांगून ठेवा. माझ्या आईची तिथेच फार धावपळ झाली होती.