शनिवारच्या भयपटावरून ग्रुपवर रंगलेली चर्चा

ए-१०२ (सांस्कृतिक समिती): नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री खालच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचं ठरलंय. मुलांनी भयपट मागितलाय. नावं सुचवा. गच्चीवर का नाही असं विचारू नका, रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही.

बी-४०४: भयपटच कशाला? सगळे सारखेच असतात हो. जुना वाडा, कुरकुरणारं दार, धो धो पाऊस, गेलेली वीज. म्हातारा रखवालदार सांगणार "तिकडे जाऊ नका" आणि ही मंडळी नेमकी तिकडेच जाणार. आता मोबाईल आले, तर रेंज जाते एवढाच काय तो फरक. पुढचं सगळं आधीच कळतं.

सी-६०३: दादा, यादी बरोबर आहे, तक्रार मात्र मला पटत नाही. मी सिनेमाच्या साऊंडचं काम करतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. पुढचं कळतं म्हणूनच तर आपण घाबरतो. दारामागे काहीतरी आहे हे ठाऊक नसेल, तर ती दाराकडे चालत जाताना आपला जीव वर-खाली का होईल? दार उघडल्यावर बसतो तो नुसता दचका, क्षणात संपतो. भीती त्याच्या आधीच्या त्या चालण्यात असते.

बी-४०४: मग ते मांजर? काही नसतं, मांजर उडी मारतं आणि कानठळ्या बसवणारा आवाज येतो. प्रत्येक सिनेमात!

सी-६०३: त्याचा उगम सांगतो, थोडं लांबेल. १९४२ चा 'कॅट पीपल' नावाचा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक जाक तूर्नर, निर्माता वॅल ल्यूटन. पैसे थोडे होते, म्हणून श्वापद दाखवण्यापेक्षा सावली आणि आवाजावर सगळी भिस्त. त्यात एक बाई रात्री बागेच्या कडेने एकटी चाललीय. तिच्या टाचांचा टक टक आवाज, आणि मागून आणखी एका बाईच्या टाचांचा. पार्श्वसंगीत नाही. मग मागचा आवाज अचानक थांबतो. ती घाबरून पावलं उचलते, मागे वळून बघते, कुणी नाही. आपण श्वास रोखून बसलेलो असतो, आणि श्वापद गुरगुरावं तसा फिस्स आवाज करत एक बस चौकटीत घुसते. ब्रेकचा आवाज! बस थांबते, बाई चढते, संपलं. रक्त नाही, भूत नाही. सिनेमावाले त्या युक्तीला अजून 'ल्यूटन बस' म्हणतात. तुमचं मांजर त्या बसचंच वारस आहे.

पण तुमचं एक म्हणणं खरं आहे. त्या बसआधीची शांतता कष्टाने रचलेली होती. आता पुष्कळ जण शांतता रचतच नाहीत, फक्त आवाज वाढवतात. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो, त्याला दिग्दर्शक लागत नाही. चिडायचं तर या आळसावर चिडू या. त्यात बिचाऱ्या मांजराचा काय दोष?

ए-७०१ (आजी): छान लिहिलंस रे. आमच्या वेळचा 'महल' बघ, १९४९ चा. मधुबाला, अशोककुमार. 'आएगा आनेवाला' किती दुरून येतं असं वाटतं! लता माइकपासून लांब उभी राहून, गात गात हळूहळू जवळ आली होती, असं तिनेच सांगितलेलं आहे. त्या गाण्याने अंगावर काटा यायचा. आणि शेवटी कळतं की भूतबीत काही नाही, माळ्याची मुलगी.

सी-६०३: आजी, तो आवाज मी कामावर नवीन मुलांना मुद्दाम ऐकवतो. अंतर ऐकू येणं म्हणजे काय, ते त्यातून कळतं.

बी-२०५: 'वो कौन थी' पण तसाच, १९६४. पावसात पांढऱ्या साडीतली साधना, आणि शेवटी सगळा माणसांचाच डाव. त्या काळी आपल्याकडे बहुतेक वेळा भुताचा माणूस निघायचा. रामसे बंधूंनी मात्र भूत खरंखुरं आणलं. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं होतं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण साऊंड. 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये शाप, हवेली, सामरी राक्षस, आणि शेवटी त्रिशूळ. तो साचा पुढे किती जणांनी गिरवला! माझी शाळा त्यांच्या १९९३ च्या टीव्हीवरच्या हॉरर शोवर वाढली.

डी-३०१ (अकरावीवाली): काका, माझा एक प्रश्न. इंग्रजी सिनेमात शेवटी एकच मुलगी का वाचते? आणि बाकीचे वेगवेगळे का होतात? एकत्र राहिले तर वाचतील ना?

सी-६०३: वेगवेगळे होतात कारण एकट्या माणसाचीच आपल्याला काळजी वाटते. चौघं एकत्र बसले तर गप्पा सुरू होतात, भीती निघून जाते. आणि त्या मुलीवर तर अभ्यास झालाय. कॅरल क्लोव्हर नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेने १९८७ मध्ये लेख लिहिला आणि तिला 'फायनल गर्ल' म्हटलं. 'हॅलोविन' (१९७८) मधली लॉरी हे ठळक उदाहरण. इतरांचं लक्ष नसतं तेव्हा तिचं असतं. खिडकीबाहेर कुणीतरी उभं आहे हे ती आधी बघते, कुणी विश्वास ठेवत नाही. क्लोव्हरचा मुद्दा असा, की थिएटरात बसलेले तरुण मुलगेही शेवटी त्या मुलीच्याच नजरेने बघत असतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

डी-३०१ (आई): वाचते मुलगी हे बरं आहे, पण आपल्याकडे भूतही बाईच का? मोकळे केस, पांढरी साडी, उलटे पाय. हडळ, चेटकीण, जखीण. जिवंतपणी छळायचं आणि मेल्यावर घाबरायचं. मला याचा मनापासून राग येतो.

बी-२०५: वहिनी, पण अन्याय झालेली बाई परत येते, हीच तर त्या गोष्टींमधली सहानुभूती नाही का?

डी-३०१ (आई): सहानुभूती असती तर ती बोलली असती. बहुतेक सिनेमांत ती फक्त किंचाळते आणि मग मांत्रिक येऊन तिला बाटलीत कोंडतो. म्हणून मला 'लपाछपी' आवडला, २०१७ चा, विशाल फुरियांचा. पूजा सावंत गरोदर आहे आणि उसाच्या फडातल्या घरात येऊन राहते. मुलींना जन्मच न देण्याची जी आपल्या गावोगावची कीड, तिच्यावर आहे तो. आणि तिथलं बरंचसं भय भर दिवसा आहे! उन्हात, त्या उसाच्या सरींमधून. अंधार नाही, वीज जात नाही. शेवट सांगत नाही. त्याचाच पुढे हिंदीत 'छोरी' (२०२१) झाला.

सी-६०३: ताई, अगदी नेमकं. अंधाराचा ठरलेला संकेत मोडला, पण त्याचं काम सोडलं नाही. अंधाराचं काम काय? समोरचं दिसू न देणं. ऊस तेच करतो. वाऱ्याने पानं सळसळली की मागे कुणी आहे की वाराच आहे, कळत नाही. शेतातल्या माणसाला तो आवाज रोजचा, म्हणून जास्त भिववतो.

बी-४०४: बरं, हे पटलं. पण "तिकडे जाऊ नका" सांगूनही जातात त्याचं काय? तो मूर्खपणाच ना?

सी-६०३: आजींना विचारा. श्रावणातल्या कहाण्या काय आहेत? उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. मग कुणीतरी उततं, माततं, वसा टाकतं, आणि भोगतं. नियम सांगायचा, तो मोडायला लावायचा, हे आपल्या कानावर लहानपणापासून आहे. 'तुंबाड' (२०१८) त्याच जातीचा. पिठाची बाहुली टाकायची, पिठाच्या रिंगणात राहायचं, तेवढं सांभाळलं तर मोहरा मिळतात. विनायकला नियम पाठ आहेत, तरी जास्त हव्यात. त्याला मूर्ख कसं म्हणणार? लोभी आहे, आणि लोभ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नियम मोडण्याचं असं कारण ज्या सिनेमात नसतं, तिथे तुमचा राग रास्त आहे.

ए-७०१ (आजी): बरोबर. कहाणीत राणी उतते तेव्हा तिचा राग येतो, पण काळजीही वाटते.

ए-१०२ (सांस्कृतिक समिती): मंडळी, चर्चा उत्तम, पण नाव ठरवा. 'तुंबाड' 'ए' प्रमाणपत्राचा आहे, मुलं असतील तर नको.

सी-६०३: मग मोठ्यांसाठी वेगळा दिवस ठेवा आणि त्या दिवशी राम गोपाल वर्मांचा 'भूत' (२००३) लावा. त्यात हवेली नाही, आपल्यासारखीच मुंबईतली उंच बिल्डिंग आहे. लिफ्ट, वॉचमन, दाराची बेल. रखवालदाराचं "जाऊ नका" इथे इस्टेट एजंटच्या तोंडी आलंय. तो फ्लॅटमध्ये काय झालं ते नवऱ्याला सांगतो, आणि नवरा बायकोपासून लपवतो. तिथून सगळं सुरू होतं. एकही गाणं नाही, त्या काळच्या हिंदी सिनेमात हे केवढं धाडस! जुने सगळे संकेत आहेत, फक्त आपल्या मजल्यावर आणून ठेवलेत.

बी-४०४: हा मी बघितलेला नाही. येतो.

ए-१०२ (सांस्कृतिक समिती): ठरलं. शनिवारी मुलांसाठी 'झपाटलेला', पुढच्या शनिवारी फक्त मोठ्यांसाठी 'भूत', दोन्ही रात्री ९ ला. डी-३०१ ताई, 'लपाछपी' त्यानंतर घेऊ, त्याआधी तुम्ही पाच मिनिटं बोला, ही विनंती.

डी-३०१ (आई): नक्की बोलेन.

सी-६०३: 'भूत'च्या दिवशी एक करा. स्पीकर मी लावतो, आवाज मध्यम ठेवू. हॉलच्या मागचा तो घरघरणारा पंखा तेवढा बंद ठेवा, नाहीतर शांत जागा ऐकूच येणार नाहीत.

ए-१०२ (सांस्कृतिक समिती): पंखा बंद, खिडक्या उघड्या. पाण्याच्या बाटल्या आपापल्या आणा.