मदत हवी आहे: पीएचडी करणाऱ्या टीएंच्या शिकवण्यातल्या नव्या कल्पनांची दखल नेमकी कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, प्रॅक्टिकल्सचं नियोजनही माझ्याकडेच आहे. आमच्याकडे पीएचडी करणारी मुलं टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, म्हणून लॅब घेतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, लॅब, तपासणी असं काम त्यांना देता येईल असं लिहिलंय, पण त्यांनी शिकवताना काही नवं शोधून काढलं तर त्याचं पुढे काय करायचं हे आम्ही कोणी कधी ठरवलंच नाही, आणि तिथेच माझं अडलंय.

आमच्या एका टीएचं उदाहरण देते. पाण्यातल्या क्लोराइडचं (म्हणजे खारेपणाचं) टायट्रेशन असतं ना, सिल्व्हर नायट्रेटवालं, ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून ते थेंब थेंब सोडायचं, रंग बदलला की थांबायचं (तो एंड पॉइंट) आणि किती लागलं ते वाचायचं, त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं एकाच बाटलीतलं पाणी सगळ्या बॅचला द्यायचो आणि मुलं शेजारच्याचं रीडिंग बघून आकडा लिहायची. हिने फेब्रुवारीत मुलांना सांगितलं की आपापल्या गावचं पाणी आणा. कोणी पणजीच्या जेटीवरून आणलं, कोणी दिवाडीहून येताना फेरीबोटीच्या धक्क्यावर भरलं, एकाने घराजवळच्या खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, खांडेपारच्या मुलीने ओपाच्या बाजूचं. आता कॉपी करणार कोणाचं, प्रत्येकाचं पाणी वेगळं! खारं पाणी आधी पातळ करून घ्यायचं हेसुद्धा तिने आयतं सांगितलं नाही, पणजीवाल्यांची ब्युरेट रिकामी होत आली तरी रंग बदलेना तेव्हा त्यांनीच विचारलं. दोघांनी एकाच धक्क्यावरचं पाणी आणलेलं आणि आकडे कुठल्या कुठे, दोघं भांडायलाच लागली, तेव्हा हिने मोबाइलवर भरती-सुकतीच्या वेळा काढून दाखवल्या. एकाने भरतीला भरलेलं, दुसऱ्याने सुकतीला.

आणखी एक गोष्ट मी स्वतः दारात उभी राहून पाहिली. एंड पॉइंट हुकलेले फ्लास्क ती ओतू देत नाही, पांढऱ्या टाइलवर ओळीने मांडते, लिंबासारखा पिवळा, मग किंचित तांबूस झाक, मग पार विटेसारखा लाल, आणि विचारते की नक्की कुठे थांबायला हवं होतं. मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले की पहिली टिकणारी तांबूस छटा म्हणजे एंड पॉइंट, पण ते समजताना मुलांचे चेहरे मी त्या दिवशी पाहिले.

जूनमध्ये नवं मॅन्युअल छापलं. त्यात हे प्रॅक्टिकल आलं, फ्लास्कच्या ओळीचा फोटोसुद्धा आला आणि वर नावं माझं आणि एका सहकाऱ्याचं. ती काही बोलली नाही. महिन्याभराने फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, सीव्हीमध्ये हे मी कुठे लिहू?" मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

एचओडी सर म्हणतात टीचर्स डेला 'बेस्ट टीए' सर्टिफिकेट देऊ, मुलांच्या फीडबॅक फॉर्मवरून निवडू. मला भीती वाटते की जो जर्नलला (मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वहीला) सढळ हाताने मार्क देतो तोच निवडून येईल. शिवाय गाईड लोकांना हे फारसं रुचत नाही, शिकवण्यात वेळ घालवू नको पेपर लिही असं सांगतात. पैसा तर नाहीच. मग चांगली कल्पना ओळखायची कोणी, कशावरून आणि तिला काय द्यायचं? तुमच्याकडे काय करतात ते सांगाल का प्लीज?

---

फोंड्याची_मास्तरीण: मॅडम, मी स्वतः टीए होते, आता हायर सेकंडरीला आहे. इंटरव्ह्यूला विचारलेलं की शिकवण्याचा अनुभव काय, आणि माझ्याकडच्या पत्रात फक्त 'प्रॅक्टिकलला सहाय्य केले' एवढी ओळ होती. मी ट्युटोरियल नव्याने बसवलेलं ते कुठेच नाही. सर्टिफिकेट द्या हो, पण त्याआधी तिने काय केलं ते तपशिलात लिहिलेलं पत्र द्या, आणि मॅन्युअलमध्ये त्या प्रयोगाखाली तिचं नाव घाला. बाकी कशापेक्षा त्याचा उपयोग होईल.

नदीकाठ: कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात टीएंना जीएसआय म्हणतात आणि तिथे दोन वेगळे पुरस्कार आहेत. एक एकूण चांगलं शिकवण्यासाठी, त्याची नावं विभागाकडून जातात. दुसरा खास कल्पनेसाठी, त्यात टीएने छोटा निबंध लिहायचा की वर्गात अडचण काय दिसली, त्यावर मी काय केलं आणि ते चाललं हे मला कशावरून कळलं. निवडलेले निबंध लेखकाच्या नावासकट वेबसाइटवर ठेवतात, कोणीही वाचू शकतं. तुमच्या टीएकडे तिन्हीची उत्तरं तयारच आहेत की. अडचण कॉपीची, उपाय आपापलं पाणी, आणि पुरावा म्हणजे आधीच्या वर्षीची जर्नल्स आणि यंदाची शेजारी शेजारी ठेवून बघा. याला खर्च काहीच नाही.

सुशेगाद नाही: मला स्पर्धाच नको वाटते. पाच-सहा टीए असणार, एकाला बक्षीस दिलं की बाकीचे पुढच्या वर्षी आपली युक्ती कोणाला सांगणार नाहीत. आमच्याकडे सेमिस्टरच्या शेवटी सगळे टीए प्रत्येकी दहा मिनिटं आपण काय करून बघितलं ते सांगतात, फसलेलं पण सांगायचं. गाईडना मुद्दाम बोलवा. माझे गाईड आपल्याच विद्यार्थ्याला तिथे ऐकून गप्प बसले होते, नंतर वेळेवरून कटकट केली नाही.

धागाकर्ती: तिघांचेही मनापासून आभार. निबंधाची कल्पना घेतेय, पण बक्षीस एकालाच असं नाही करणार, जे जे लिहितील त्या सगळ्यांची टिपणं विभागाच्या फाइलला आणि वेबसाइटवर नावासकट. सांगायला दहा मिनिटंही ठेवते. मॅन्युअलच्या प्रती अजून वाटायच्या आहेत, ते एक पान बदलून घ्यायला झेरॉक्सवाल्याला सांगून आले, आता प्रयोगाच्या नावाखाली तिचं नाव आहे. पत्रही लिहायला घेतलंय, त्यात भरती-सुकतीचा किस्सा घातलाय.

एक प्रश्न राहिलाच. जर्नल्स शेजारी ठेवून नेमकं काय मोजू? एकसारखी रीडिंग किती आली ते, की एंड पॉइंट किती जणांचा हुकला ते? कोणी असं केलं असेल तर लिहा, शुक्रवारी विभागाची मीटिंग आहे आणि मला एचओडी सरांपुढे रिकाम्या हाताने जायचं नाहीये.