सोसायटीचा ग्रुप (नावांऐवजी फ्लॅट नंबर): ४०२ चं किचन, सल्ले हवेत

४०२: नमस्कार मंडळी. आमचं किचन पूर्ण काढून नव्याने करायचंय, ओटा, ट्रॉल्या, टाइल्स सगळंच. शटरच्या, म्हणजे कपाटांच्या दारांच्या, रंगावरून घरात दोन पक्ष पडलेत, एकाला पांढरं हवंय एकाला गडद हिरवं. ज्यांनी काम केलंय त्यांनी प्लीज फोटो टाका. आणि हॉलच्या मधली भिंत काढून ओपन किचन करायचं, सिंक पण बाल्कनीच्या बाजूला न्यायचं असं चाललंय, तर त्यावरही बोला.

२०१: पांढऱ्यावर डाग दिसतात, गडदवर बोटं उमटतात. करडं घ्या आणि दोन्ही पक्षांना सारखं नाराज करा.

३०२: रंगाचं राहू दे गं, सिंक बाल्कनीकडे म्हणजे बरोबर आमच्या बेडरूमच्या डोक्यावर. आधी ते सांग.

४०२: काका, फक्त पाइप फिरवायचाय, प्लंबर म्हणाला होऊन जाईल.

५०१: मी याच कामात आहे म्हणून जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या. येणाऱ्या पाण्याचा पाइप कुठूनही कसाही नेता येतो कारण त्याच्या मागे प्रेशर असतं, पण जाणारं पाणी फक्त उताराने जातं. फुटाला साधारण पाव इंच उतार धरतात. म्हणजे सिंक डक्टपासून (सगळे पाइप खाली जातात तो उभा बोळ) १२ फूट लांब गेलं की ३ इंच नुसता उतार, वर पाइपची जाडी वेगळी, आणि एवढी जागा फरशीखाली नसतेच. मग एक तर फरशीची लेव्हल वर येते, नाहीतर पाइप खालच्यांच्या छताला लटकतो, नाहीतर प्लंबर उतारच कमी करतो आणि मग तेलकट गाळ आडव्या पाइपात साचत राहतो. "होऊन जाईल" म्हणजे बहुतेक तिसरा पर्याय. शिवाय वॉटरप्रूफिंग ओल्या जागांसाठी केलेलं असतं, बेडरूमच्या वरच्या स्लॅबला ते असेलच असं नाही. काकांची काळजी रास्त आहे.

३०२: धन्यवाद. मला एवढं नीट मांडता आलं नसतं.

४०२: बरं बाई, सिंक जिथे आहे तिथेच. आणि भिंत?

५०१: भिंतीवर टकटक करून कोणी सांगत असेल "ही नुसती विटांची आहे" तर ऐकू नको. बिल्डिंगचं ड्रॉइंग बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यायला हवं, त्या भिंतीत कॉलम किंवा काँक्रीटची भिंत निघाली तर विषय तिथेच संपतो. आणि ओपन करण्याआधी एकदा धुराचा विचार कर, भिंत गेली की वास आणि तेलाची वाफ पडद्यांपर्यंत जाते, आवाज जातो तो वेगळाच, मिक्सर चालू असताना हॉलमध्ये कोणाला कोणाचं ऐकू येत नाही.

६०३: चिमणी लावली की झालं ना?

५०१: कुठली यावर आहे. डक्टवाली, म्हणजे बाहेर जाणारा पाइप असलेली, हवा बाहेर टाकते. बिनाडक्टची कार्बन फिल्टरमधून फिरवून तीच हवा परत खोलीत सोडते, वास थोडा कमी होतो पण दमटपणा आणि उष्णता घरातच राहते. डक्ट शक्यतो ६ इंची, कमीत कमी वळणांचा, प्रत्येक एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, जोर कमी होतो. लोक चिमणी भारीतली घेतात आणि मग तिला चार वळणांचा बारीक पाइप लावतात, मग आवाज भरपूर आणि ओढ काहीच नाही. गॅसपासून उंची साधारण ६५ ते ७५ सेंमी, पण घेशील त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेली असेल तीच धरायची.

१०४: अगं ओट्याच्या उंचीचं कोणी बोलतच नाहीये. रोज तिथे कोण उभं राहणार त्याच्या मापाने कर. सुतार येतो आणि नेहमीची उंची टाकून जातो, मग जन्मभर पाठ धरून बसा.

५०१: आजी एकदम बरोबर. सरळ उभं राहून कोपर वाकवायचं, कोपरापासून १० ते १५ सेंमी खाली ओटा यायला हवा. त्यातही चिरायचं काम या मापाला, गॅसची जागा थोडी खाली चालते कारण भांड्याची उंची वर मिळते, आणि सिंक उलट थोडं वर, कारण हात सिंकच्या काठावर नसतात, तळाशी असतात. एकाच सपाट ओट्यात हे तिन्ही साधत नाही, निदान सिंक फार खोल घेऊ नकोस. आणि खाली पायांसाठी खाच ठेव, ट्रॉल्यांच्या तळाशी ४ इंच उंच आणि ३ इंच आत, म्हणजे ओट्याला चिकटून उभं राहता येतं.

४०२: आमच्याकडे सासूबाई आणि मी दोघी, उंचीत अर्ध्या फुटाचा फरक 😅

१०४: मग जास्त वेळ कोण उभं राहतं ते प्रामाणिकपणे ठरवा.

२०१: आजी, हे ग्रुपवर नको, घरोघरी भांडणं लागतील.

४०२: किचन छोटं आहे म्हणून ओपनचा विचार होता खरं तर, ७ बाय ११ आहे.

५०१: छोटं म्हणजे वाईट असं काही नाही. जर्मनीत १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी किचन डिझाइन केलं, आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याची सुरुवात बऱ्याच अंशी तिथली. ते साधारण १.९ बाय ३.४ मीटर होतं, म्हणजे तुझ्यापेक्षा थोडं लहानच. कुठल्या कामाला किती हालचाल लागते ते घड्याळ लावून मोजून बसवलेलं, आणि अशी सुमारे १०,००० किचन्स बसली. त्याच्यावरची तक्रार अशी की आत एकच माणूस धड काम करू शकतं, दुसरं आलं की अडचण. तुमच्याकडे दोघी आहात तर मधली मोकळी वाट साडेतीन फुटांच्या खाली जाऊ देऊ नका, समोरासमोर दोन ओटे करायच्या भानगडीत तर पडूच नका. आणि गंमत म्हणजे ते डिझाइन करेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केला नव्हता असं त्यांनीच नंतर सांगितलंय.

२०१: म्हणजे मी पण पात्र आहे.

५०१: तुम्ही घड्याळ लावून मोजणार का पण? 😀 फ्रीज, सिंक, गॅस यांच्यात एकमेकांपासून ४ ते ९ फूट असावं असा जुना ठोकताळा आहे, १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात यावर बरंच काम झालं. छोट्या किचनमध्ये ते आपोआप जमतं. त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते सिंक आणि गॅसच्या मधला सलग रिकामा ओटा, कारण सगळं काम होतं तिथे. तो दोन-अडीच फूट तरी हवाच, आणि त्याच्यावर मिक्सर, ओव्हन, फिल्टर काहीही कायमचं ठेवायचं नाही.

६०३: वायरिंगचं माझ्याकडे. २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतं, ओव्हन तेवढंच किंवा जास्त, डिशवॉशर पाणी तापवताना तेच. हे सगळं एका जुन्या लाइनवर टाकून वर मल्टिप्लग लावला की वायर तापते आणि ते टाइल्सच्या मागे कळतही नाही. मोठ्या प्रत्येक उपकरणाला डीबीपासून (घरातला मुख्य स्विचांचा बोर्ड) वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच), पूर्ण किचनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग खरोखर आहे का ते मीटर लावून बघायचं. पॉइंट वाटतात त्यापेक्षा जास्त काढा, पण सिंकच्या अगदी शेजारी किंवा गॅसच्या वर नको. आणि टाइल्स लावायच्या आधी उघड्या भिंतींचे टेप धरून फोटो काढून ठेवा, नंतर कोणी ड्रिल घेऊन आलं की वायर आणि पाइप कुठून गेलेत ते दिसेल.

४०२: हे फोटोचं भारी आहे, करणार.

७०१: गॅस सिलिंडर ट्रॉलीत बंद करणार असाल तर खाली जाळी ठेवा हं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाला साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, त्याला वरच्या बाजूला हवा जायची वाट हवी. शटर छान दिसावं म्हणून सुतार सगळीकडून हवाबंद करून देतात. आणि गॅसची लाइन सुताराने किंवा प्लंबरने हलवायची नाही, गॅसवाल्यांचाच माणूस बोलवा.

४०२: ओट्याला क्वार्ट्झ की ग्रॅनाइट? आणि ट्रॉल्या प्लायच्या का एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड)?

५०१: क्वार्ट्झ म्हणजे दगडाची भुकटी रेझिनमध्ये बांधलेली, डाग कमी शोषते पण तापलेलं भांडं थेट ठेवलं तर रेझिन खराब होतं आणि तो डाग जात नाही. ग्रॅनाइटला उष्णतेचं काही नाही, फक्त अधूनमधून सीलर (डाग आत मुरू नयेत म्हणून लावायचा लेप) मारावा लागतो. संगमरवर नकोच, आंबट काहीही सांडलं की चकाकी खाऊन टाकतं. माझं मत ग्रॅनाइट, फॅशन काहीही असो. सिंकखालचा खण मरीन प्लायचा (पाण्याला टिकणारा प्लाय), एमडीएफ तिथे एका गळतीत फुगतं, वरच्या कपाटांना चालेल. आणि ओट्याखाली दाराची कपाटं न करता पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर कर, गुडघे टेकून मागची भांडी शोधावी लागत नाहीत. रंगाला लागणारे पैसे वाचवून चॅनल (ड्रॉवर सरकतात त्या पट्ट्या) आणि बिजागरीला घाल, शटर दहा वर्षांनी बदलता येतं.

३०२: दगड घरात कापणार का? मागच्या वेळी वरून आलेली धूळ आठवड्यानेही निघत नव्हती.

५०१: नाही कापायचा, माप देऊन बाहेरून कापून आणायचा. घरात फक्त एखादं भोक, तेही पाणी मारून. ती नुसती धूळ नाही, त्यात सिलिका असते, क्वार्ट्झमध्ये तर ९० टक्क्यांच्या वर असू शकते. कोरडं कापणाऱ्या कारागिरांना त्याने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झसारख्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याला आठ दिवस त्रास, त्याला रोज.

४०२: हे माहीतच नव्हतं. मग ग्रॅनाइट, पण बाहेर, पाणी मारून कापलेला.

सेक्रेटरी: तोडफोडीचं लेखी पत्र द्या, सोबत इंजिनिअरचा कागद. भिंत काढणार नसाल तर तसं लिहा. दुपारी २ ते ४ आवाज बंद, राबिट (तोडफोडीचा कचरा) जिन्यात नाही.

४०२: भिंत राहू दे. त्यात काचेची सरकती खिडकी टाकता येते का तेवढं इंजिनिअरला विचारते.

३०२: ट्रॉल्या बसवायच्या आधी सिंक काठोकाठ भरून एकदम सोड, सगळे जोड हात लावून बघ, आणि मला फोन कर. मी खाली छत बघतो.

४०२: हो काका नक्की. मेन व्हॉल्व्ह बंद करायचा असेल त्याच्या आदल्या दिवशी इथे टाकते.

२०१: आणि रंग??

४०२: सासूबाई म्हणाल्या हिरवा. मी उंचीवर जिंकले.