हुलग्याचे लेक्टिन: गुठळी झाली म्हणजे शुद्ध झाले का?

अमोनियम सल्फेट या क्षाराने साका पाडून मिळवलेल्या हुलग्याच्या प्रथिनाने तांबड्या पेशींच्या गुठळ्या केल्या, म्हणजे लेक्टिन (पेशींवरच्या शर्करेला चिकटून पेशी एकमेकींना जोडणारे प्रथिन) शुद्ध झाले, हा आपला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. गुठळी ही क्रियाशीलतेची खूण आहे, शुद्धतेची नव्हे. हुलग्याचा अर्क 'ए' रक्तगटाच्या पेशी निवडून चिकटवतो हे १९५१ मध्ये दाखवले गेले, तेही साध्या, अशुद्ध अर्काने. (ज्याच्या माडग्यावर आपण बेळगाव-खानापुरात पावसाळा काढतो, तोच हा हुलगा.)

निपाणीच्या बाजारातले हुलगे घेऊन मी हा प्रयोग केला, तेव्हा डायलिसिसची पिशवी (जिच्यातून क्षार बाहेर झिरपतो आणि प्रथिन आत राहते) एकच रात्र ठेवली होती; उरलेल्या क्षाराने पेशी आक्रसल्या आणि चाचणीच्या ताटलीतल्या खळग्याच्या तळाशी पेशींचा घट्ट ठिपका बसला आहे (म्हणजे गुठळी नाही) की गुठळ्यांची चादर पसरली आहे, हेच ठरेना. म्हणून शेजारच्या खळग्यात प्रथिनाविना तोच द्राव अवश्य ठेवावा. त्यानंतर दर मिलिग्रॅम प्रथिनामागची क्रियाशीलता प्रत्येक टप्प्याला वाढते का, ते मोजावे, आणि एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन ही शर्करा घातल्यावर गुठळ्या थांबतात का, ते पाहावे. शुद्धतेविषयी बोलायचे ते जेलवरचे (विजेच्या प्रवाहाने प्रथिने वेगळी करणाऱ्या थरावरचे) पट्टे पाहूनच.