मोठेपणी पुन्हा लेगोकडे: सुटे ठोकळे परवडतील असे कसे मिळवावेत?

प्रश्न : नवखा_जुना
शाळेच्या वयात सुटलेला लेगोचा छंद पुन्हा सुरू करावा असे बरेच दिवस मनात आहे. खोक्यातली तयार अवकाशयाने किंवा मोटारी मला नको आहेत. स्वतःच्या आराखड्यानुसार इमारती उभाराव्यात अशी इच्छा आहे, आणि त्यासाठी साध्या विटा, प्लेटा (विटेहून पातळ, चपटे ठोकळे) व उतरत्या छपराचे तुकडे मोठ्या संख्येने लागतील. नव्या सेटांच्या किमती पाहता हा मार्ग मला झेपणारा नाही. वापरलेले ठोकळे वजनावर घ्यावेत, हवे तेवढेच सुटे भाग मागवावेत की अन्य कंपन्यांचे ठोकळे घ्यावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. घरी असलेले जुने ठोकळे आजच्या ठोकळ्यांशी जुळतील का, हेही कळावे.

उत्तर : प्लेटावर_प्लेट
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सुखद आहे. वर घुंड्या आणि आत नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या रचनेचा पेटंट-अर्ज जानेवारी १९५८मध्ये दाखल झाला आणि त्यानंतरची मापे बदललेली नाहीत : दोन घुंड्यांच्या केंद्रांमधील अंतर ८ मिमी, विटेची उंची ९.६ मिमी आणि प्लेटेची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिमी. त्यामुळे आपले जुने ठोकळे निर्धास्तपणे वापरावेत.

आता खर्चाविषयी. सेटची किंमत भागांच्या संख्येने भागून ‘एका तुकड्याला किती पडले’ हे काढण्याची पद्धत रूढ असली, तरी ती बरीच फसवी आहे, कारण एका घुंडीचे चिमुकले तुकडे भरून संख्या फुगवता येते आणि त्यांतून भिंत काही उभी राहत नाही. वजनावर घेतलेल्या वापरलेल्या ठोकळ्यांत साध्या विटा स्वस्त पडतात. मात्र जाणते विक्रेते माणसांच्या छोट्या आकृत्या व दुर्मीळ भाग आधीच काढून घेतात, ही बाब गृहीत धरावी. आपल्याला इमारतीच बांधायच्या असल्याने त्यात आपले नुकसान काहीच नाही, उलट ज्या आकृत्यांमुळे ढिगाचा भाव चढतो त्याच नसल्या तर बरेच. खरेदीपूर्वी ढिगाची जवळून घेतलेली छायाचित्रे मागावीत. अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक घुंडीवर कंपनीचे नाव उठवलेले असते, तेवढ्यावरून भेसळीचा अंदाज येतो.

ढीग हा पाया झाला. उरलेली नड सुट्या भागांनी भागवावी. ब्रिकलिंक ही सुट्या भागांची जुनी ऑनलाइन बाजारपेठ २०१९पासून लेगो कंपनीच्याच मालकीची आहे, तरी तेथे माल विकतात ते स्वतंत्र विक्रेते. तेथे भागापेक्षा टपालखर्चच अधिक होण्याचा धोका असतो. म्हणून लागणाऱ्या भागांची यादी साठवत जावी आणि ती भरीव झाल्यावर, शक्यतो एकाच विक्रेत्याकडून, एकदम मागवावी. त्याआधी स्टुडिओ या मोफत संगणक-प्रणालीत इमारत रचून पाहिल्यास नेमके कोणते भाग किती लागतील हे कळते. एकाच आकाराच्या विटेचा भाव रंगानुसार पुष्कळ बदलतो; तेव्हा बाहेरून दिसणाऱ्या थरासाठी हवा तो रंग घ्यावा आणि भिंतीच्या पोटात ढिगातले लाल-पिवळे-निळे काहीही दडपावे.

उत्तर : दुसरी_बाजू
वरील सल्ला योग्य असला, तरी अन्य कंपन्यांच्या ठोकळ्यांचा त्यात विचारच झालेला नाही. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे आणि युरोपीय न्यायालयाने २०१०मध्ये ठोकळ्याच्या आकाराला व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण नाकारले, त्यामुळे जुळणारे ठोकळे बनवणे हा काही चोरीचा व्यवहार नव्हे. दुसऱ्याच्या सेटची रचना व खोक्यावरचे चित्र जसेच्या तसे उचलणे ही वेगळी गोष्ट, आणि तसा माल मी घेणार नाही. प्रश्न उरतो पकडीचा. काही कंपन्यांचे ठोकळे फार घट्ट बसतात, काहींचे सैल, आणि एकाच रंगाच्या विटांच्या छटांतही फरक आढळतो. म्हणून आधी थोडेच घेऊन त्यांचा उंच मनोरा रचावा आणि तो सरळ उभा राहतो की नाही, ते पाहून मगच मोठी खरेदी करावी. जमीन, टेकडी किंवा आतला सांगाडा यांसाठी मी ते बिनदिक्कत वापरतो.

उत्तर : धुणेवाली
वापरलेले ठोकळे घेतल्यावर ते ४० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाच्या पाण्यात धुऊ नयेत. प्लास्टिक वाकडे होते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सावलीत वाळवणे एवढे पुरते. पिवळट पडलेले पांढरे ठोकळे हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळतात खरे, पण पिवळेपणा काही काळाने परतू शकतो, तेव्हा असे ठोकळे विकत घेतानाच टाळावेत.

नवखा_जुना
सर्वांचे आभार. प्रथम ढीग, नंतर यादी, हा क्रम पटला. एक शंका उरते : माझ्या जुन्या ठोकळ्यांत करडा रंग पुष्कळ आहे. दगडी भिंतीसाठी त्यात नवे करडे मिसळले तर चालतील का?

प्लेटावर_प्लेट
जुळतील, पण एकसारखे दिसणार नाहीत. २००४च्या सुमारास कंपनीने फिका आणि गडद असे दोन्ही करडे रंग बदलले. नव्या छटांत निळसर झाक आहे. गुळगुळीत भिंतीत हा फरक डोळ्यांना खुपतो, मात्र दगडी बांधकामात दोन्ही छटा विखरून लावल्यास भिंत अधिक खरी वाटते. त्यामुळे यादी करताना जुने करडे कुठे खपवता येतील हे आधी पाहावे आणि कमी पडतील तेवढेच नवे मागवावेत.